हरण्याची नोकरी आणि अकरा नंबरची खाट

क्षयातून उठलेला माणूस काहीतरी शहाणपणाचं सांगेल अशी लोकांची अपेक्षा असते. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती माझ्या मूर्खपणाची आहे. तिचा बोध शेवटपर्यंत राखून ठेवत नाही, आत्ताच देऊन टाकतो: डॉक्टर विचारील तेव्हा त्याचं तोंड बघून उत्तर देऊ नका, खरं बोला. एवढं ज्याला आधीच कळतं त्यानं पुढं वाचलं नाही तरी चालेल. मला ते कळायला अर्धं फुप्फुस आणि अख्खा तोल घालवावा लागला.

मी टेनिसचा प्रोफेशनल होतो. आता प्रोफेशनल म्हटलं की लोकांना बक्षिसं आणि विमानं आठवतात. आमच्या वेळी औरंगाबादेत त्याचा अर्थ नोकर असा होता. क्लबात त्याला मार्कर म्हणत. हौसेनं खेळेल तो खेळाडू, पोटासाठी खेळेल तो मार्कर. मार्करनं स्पर्धेत उतरायचं नाही, मेंबरांच्या खुर्चीवर बसायचं नाही, मेंबरांच्या माठातलं पाणी प्यायचं नाही. सकाळी कोर्टावर पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा आखायच्या, रॅकेटच्या तुटलेल्या ताती बसवायच्या आणि संध्याकाळी साहेबांशी खेळून हरायचं.

वडील हर्सूलचे. भावकीत वाटण्या होऊन होऊन शेताच्या चिंध्या झाल्या, म्हणून ते क्लबात रोलर ओढायला आले आणि त्यांच्या मागं मी. तेव्हा साहेब निजामाचे, शेरवानीतले होते. पोलीस ॲक्शन झाली, शेरवान्या गेल्या, मग पुण्या-मुंबईकडचे बुशशर्ट आले. आम्हाला वाटलं, आता काहीतरी बदलेल. आधी मी ‘क्या मारा हुजूर’ म्हणायचो, नंतर ‘काय मारलात साहेब’ म्हणायला लागलो. बदल झाला तो एवढाच.

हरणं कुणालाही जमतं असं ज्याला वाटतं त्यानं एकदा करून बघावं. बॉल जाळीत मारून हरणं हे नवशिक्याचं काम. साहेबाला ते कळतं आणि साहेब चिडतो. कसलेला मार्कर बॉल रेघेच्या बोटभर बाहेर टाकतो. साहेबाला दोनच पावलं पळवतो, म्हणजे त्याला वाटतं आपण फार अवघड बॉल गाठला. चार-चारपर्यंत त्याचा घाम काढतो आणि मग आपण दमल्यासारखं करतो. महिन्यातून एखादा सेट स्वतः घेतो, नाहीतर विश्वास कोण ठेवणार? आणि साहेबाचा बॉल बाहेर पडला तर मुरमावर उठलेली खूण बुटानं पुसून ‘आत आहे साहेब’ म्हणतो. माझा तो बूट इतका सफाईनं फिरायचा की पुष्कळदा मलाही पत्ता लागत नसे.

अकरा वर्षं मी असा हरलो. एकेकाची लायकी मला तोंडपाठ होती. कलेक्टर कचेरीतल्या एका बड्या साहेबाला सर्व्हिस करताना डोळे मिटायची सवय होती. दुसऱ्याचं पोट त्याच्याआधी बॉलपाशी पोचायचं. हे लोक संध्याकाळी व्हरांड्यात बसून ‘आज मार्करला चांगलाच धुतला’ म्हणत आणि मी तिथंच खाली बसून त्यांच्या रॅकेटी पुसत असे. शहरातला एकही साहेब मला खरोखर हरवू शकत नव्हता. हे फक्त मला ठाऊक होतं. माझी सगळी इस्टेट म्हणाल तर ती एवढीच.

सेट माझाच ना?

खोकला तीन महिने होता. मुरमाची धूळ, असं मी म्हणायचो. ताप संध्याकाळी यायचा, पण संध्याकाळी मी कोर्टावर असायचो, तेव्हा अंग गरम असणारच, असंही मीच म्हणायचो. बायको सुभद्रा म्हणे, एकदा दाखवून या. मी म्हणे, दाखवू.

त्या दिवशी पाटबंधारे खात्यातले एक इंजिनियर साहेब पाच-तीननं पुढं होते, म्हणजे मी त्यांना पुढं ठेवलं होतं. सर्व्हिस करायला हात वर नेला आणि खोकल्याची उबळ आली. खाली वाकलो तर समोरच्या पांढऱ्या रेघेवर रक्त पडलेलं. सकाळीच आखलेली रेघ. 

साहेब पलीकडून जाळीपर्यंतही आले नाहीत. लांबूनच म्हणाले, “माणिक, सेट माझाच धरायचा ना?”

मी ‘होय’ म्हणून मान हलवली. आजही माझा राग त्या माणसावर कमी आणि त्या हललेल्या मानेवर जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी क्लबाच्या शिपायानं माझा टॉवेल आणि पाण्याचा गिलास वर्तमानपत्रात गुंडाळून उस्मानपुऱ्यात घरी आणून दिला. उंबऱ्याबाहेर ठेवला आणि गेला. कोर्टाचा मुरूम वितभर खणून नवा टाकल्याचं मागून कळलं. नवा मुरूम पाहिजे म्हणून मी सहा वर्षं सेक्रेटरीच्या मागं लागलो होतो आणि ते सहा वर्षं ‘बघू’ म्हणत होते. क्लबासाठी इतका उपयोगी मी त्याआधी कधी पडलो नव्हतो.

क्षयाच्या वॉर्डाचे मोठे डॉक्टर क्लबाचे मेंबर होते. दर रविवारी माझ्याशी खेळत. पुण्याकडचे, गोरे, बोलणं स्वच्छ, बॅकहँड असा की माणूस जेवताना माशी हाकलतो तसा. त्यांनी माझ्या छातीचा फोटो उजेडाकडे धरला, दोन शिकाऊ डॉक्टरांना त्यातलं भोक बोटानं दाखवलं आणि मला म्हणाले, इथं राहावं लागेल, रोज सुई, वर्ष-दीड वर्ष पुड्या आणि गोळ्या, पण बरा होशील. सुभद्रानं विचारलं, वाचतील ना? ते म्हणाले, वाचेल. या एका शब्दासाठी मी त्यांचा आयुष्यभर ऋणी आहे, हे इथं सांगून ठेवतो, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल फारसं चांगलं बोलणार नाही.

कारण तो फोटो तसाच हातात धरून ते शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले, “हा आमच्या क्लबाचा प्रोफेशनल. शेवटचे तीन सेट मी घेतलेत याच्याकडून.”

वॉर्डात

खाट नंबर अकरा. पहाटे तापमापक, मग झाडू, मग सुई, मग त्या पुड्या. पुड्यांच्या चवीबद्दल एवढंच सांगतो की त्या खाल्ल्यावर दवाखान्याची आमटी गोड लागायची. प्रत्येकाच्या उशाशी थुंकीचा झाकणाचा डबा. सुरुवातीला त्याच्याकडे बघवत नाही. महिन्याभरानं माणूस त्याच्याशेजारी पेरू ठेवून खातो.

बारा नंबरला याकूबभाई होते, गुलमंडीतले शिंपी. त्यांना टेप लागत नसे. खाटेवर पडल्या पडल्या नव्या पेशंटकडे बघून सांगत, याची छाती चौतीस होती, आता तीस आहे, बायकोनं सदरे आताच उसवून लहान करून घ्यावेत. राउंडला डॉक्टर आले की याकूबभाई तक्रारींचा गठ्ठा सोडत: सुईची जागा दुखते, पुडीनं मळमळतं, खिडकीचं दार लागत नाही, तीन नंबरचा माणूस भजनं म्हणतो. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडत. मला याकूबभाईंची लाज वाटायची. काय माणूस आहे, मोठ्या लोकांशी कसं बोलावं याची अक्कल नाही, असं मनात म्हणायचो. अक्कल कुणाला नव्हती ते पुढं येईलच.

भेटायला येणाऱ्यांविषयी न बोललेलं बरं, पण बोलतो. थोरला भाऊ हर्सूलहून यायचा आणि फाटकाबाहेर नाकाला रुमाल लावून उभा राहायचा. तिथूनच ओरडून गाढविणीचं दूध घ्यायला सांगायचा. आणून मात्र त्यानं कधी दिलं नाही. माझ्या दोन्ही पोरी त्याच्याकडे ठेवल्या होत्या. भावजयीनं त्यांची ताटं वेगळी केली, अंथरुणं ओसरीत टाकली आणि गावभर सांगितलं की आम्ही पोटच्यासारखं सांभाळतो. क्लबातून एकदा मोसंब्यांची करंडी आली. वरच्या चार चांगल्या होत्या. आजारी माणसाला भेटायला येणारे निम्मे लोक आपण आजारी नाही याची खात्री करून घ्यायला येतात, असं माझं मत झालं ते तिथं.

सुभद्रा मात्र रोज यायची, उस्मानपुऱ्यातून डबा घेऊन चालत. बसायची खाटेवरच. सिस्टर ओरडली तर थोडा वेळ स्टुलावर बसायची आणि सिस्टर गेली की पुन्हा खाटेवर. धीर द्यायला तिला येत नसे. भाव काय झाले, नळाला पाणी किती आलं, एवढंच बोलायची. मला त्याचाच धीर वाटायचा. याकूबभाईंची बीबी आली की दोन उकडलेली अंडी आणायची, एक त्यांना, एक मला. मी माळकरी बापाचा मुलगा. पहिल्या दिवशी नको म्हटलं, दुसऱ्या दिवशी खाल्लं.

डोळे मिटल्यावर

दुसरा महिना संपता संपता कान वाजायला लागला. रातकिडा दिवसाही थांबला नाही तर जसं वाटेल तसं. मग चालताना जमीन जरा उशिरा पायाखाली यायला लागली. मी भिंतीला बोटं लावून चालायला लागलो. एके सकाळी तोंड धुताना साबण लावून डोळे मिटले आणि थेट नळावर आपटलो. सिस्टरला सांगितलं, घसरलो.

सुईनं असं होऊ शकतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. डॉक्टर राउंडला रोज तेच तर विचारत. फक्त विचारायची तऱ्हा अशी: “काय माणिक, बरंय ना? चक्कर-बिक्कर नाही, कान वाजत नाहीत?” आणि शेवटचा शब्द येईपर्यंत त्यांची मान बारा नंबरकडे वळलेली.

त्यांना कुठलं उत्तर हवं आहे ते मला बरोबर दिसायचं. अकरा वर्षांचा धंदा होता तो. साहेबाच्या खांद्यावरून बॉल कुठं येणार ते मी आधी ओळखायचो, तसं हे उत्तर ओळखायचो आणि तिथं नेऊन ठेवायचो. नाय साहेब, झकास वाटतंय. ते खूष व्हायचे. शिकाऊ डॉक्टरांना म्हणायचे, पेशंट असावा तर असा. आणि मला, खरं सांगतो, आतून गुदगुल्या व्हायच्या. हरून साहेबाला खूष केल्यावर व्हायच्या त्याच. असल्या माणसाला काय म्हणावं? मी स्वतःला पुष्कळ नावं ठेवून पाहिली, पुरेसं वाईट एकही सापडलं नाही.

एक दिवस राउंड पुढं गेल्यावर याकूबभाई छताकडे बघत म्हणाले, “माणिकभाई, वो डागदर है, तुम्हारा ससुर नईं. कायको झूठ बोलतें?”

मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. ते म्हणाले, हौ, और भिंत पकडके चलो. मग दोन दिवस आम्ही बोललो नाही.

सुभद्राला सांगावं लागलं नाही. तिनं डबा ठेवला, मला भिंतीच्या कडेनं येताना पाहिलं आणि म्हणाली, चला, माझ्यासमोर तोंड धुवा. मी म्हटलं, धुतलंय. ती म्हणाली, परत धुवा. मोरीपाशी डोळे मिटले आणि तिच्या अंगावर गेलो. वजन राहिलं नव्हतं म्हणून तिनं तोललं. बराच वेळ धरून उभी राहिली. मग विचारलं, डॉक्टरला सांगितलं का? मी म्हटलं, बरं वाटतंय म्हणून सांगतो. लई चांगले आहेत ते, कशाला त्यांना नाराज करा.

ती रडली नाही. पदरानं माझ्या तोंडावरचा साबण पुसला आणि हळू आवाजात म्हणाली, “क्लबात हरलात ते पोरींच्या पोटापायी. इथं कुणापायी हरताय?”

 

राउंड

दुसऱ्या दिवशी राउंड आला. शिकाऊ डॉक्टर पाच-सहा होते. बरंय ना, चक्कर-बिक्कर नाही, कान वाजत नाहीत, आणि मान निघाली बारा नंबरकडे.

“वाजतात साहेब,” मी म्हटलं. “चक्कर बी हाय.”

मान परत आली. त्यांनी मला उभं केलं, पाय जुळवायला लावले, डोळे मिटायला सांगितले. मी सरळ एका शिकाऊ डॉक्टरच्या अंगावर कललो. पोरगा घाबरून मागं सरकला, डॉक्टरांनी स्वतः धरलं.

“कधीपासून?”

“सव्वा महिना झाला.”

“मी रोज विचारतोय. रोज नाही म्हणत होतास.”

“तुमाला नाहीच पायजे होतं साहेब.”

“म्हणजे काय?”

आता इतकं झालंच होतं. मी म्हटलं, “तुमचे ते तीन सेट बी मीच दिलते.”

 तीन नंबरवाल्याचं भजन थांबलं. याकूबभाईंना हसू आलं आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली, ती काही केल्या थांबेना. डॉक्टरांचे कान लाल झाले. त्यांनी खाटेला लावलेल्या कागदावर सुई बंद केल्याचं लिहिलं, दुसरं औषध लिहिलं आणि बारा नंबर न बघताच निघून गेले.

आठवडाभर ते माझ्याशी कामापलीकडे अवाक्षर बोलले नाहीत. पण त्या आठवड्यात रोज दोनदा आले, मला फरशीच्या रेघेवरून चालवून पाहिलं, आणि राउंडला प्रश्न विचारून झाल्यावर उत्तर येईपर्यंत खाटेपाशी थांबू लागले. याकूबभाईंच्या सगळ्या तक्रारी उभं राहून ऐकल्या. खिडकीचं दारसुद्धा दुरुस्त झालं. दोष त्यांच्या एकट्याचा नव्हता, त्यांनी निदान विचारलं तरी होतं. पण माणसाचा गर्व जरा खरचटला की तो किती लक्ष देऊन ऐकतो, हे बघायला मला फार मजा आली, ती लपवत नाही.

नंतर

दीड वर्षानं छाती स्वच्छ झाली. पोरी घरी आल्या. कानातला रातकिडा गेला नाही. तोल निम्मा परत आला. उजेडात चालता येतं, अंधारात भिंत लागते, आणि तोंड मी अजून एका हातानं नळ धरून धुतो. क्लबानं मला परत घेतलं, पण कोर्ट राखायला. खेळायला दुसरा मार्कर आला होता. बॉल जाळीत मारून हरायचा. बघवत नसे. याकूबभाई माझ्याआधीच घरी गेले होते. त्यांनी माप न घेता पांढरी पँट शिवून पाठवली. तंतोतंत बसली.

एका दिवशी उन्हं उतरताना, कोर्टावर कुणी नसताना डॉक्टर रॅकेट घेऊन आले. म्हणाले, “माणिक, एक सेट. पण आज खरं खेळायचं.”

हे ऐकायला मी अकरा वर्षं थांबलो होतो. नवी पँट घातली, बुटाच्या नाड्या दोनदा बांधल्या. मनात म्हटलं, आज तुला दाखवतो सहा-शून्य म्हणजे काय असतं.

पहिला उंच बॉल आला, वर पाहिलं आणि आभाळ फिरलं. पुढचा गाठायला वळलो तर गुडघ्यावर पडलो. बॉल कुठं येणार ते मला अजूनही आधीच कळत होतं, तिथं पोचायला मात्र पाय नव्हते. जे होतं ते सगळं लावलं. छाती फुटेस्तोवर पळालो, शिव्या दिल्या, त्यांच्या त्या माशी हाकलणाऱ्या बॅकहँडवर बॉल टाकत राहिलो. पाच-दोननं ते पुढं गेले. शेवटचा बॉल त्यांनी त्याच बॅकहँडनं मारला आणि तो माझ्या डाव्या हाताला रेघेपाशी पडला. मी तिथवर पोचलो तेव्हा मुरमावर फक्त खूण होती.

ते जाळीपाशी आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, “पुन्हा तेच केलंस ना? मी सांगितलं होतं खरं खेळ.”

माझा बूट खुणेपासून वितभर होता. फक्त ‘व्हय साहेब, सवय जाईना’ म्हणायचं होतं. त्यांनी लगेच विश्वास ठेवला असता आणि शहरात मला कुणी हरवू शकत नाही ही माझी इस्टेट मरेपर्यंत माझ्याकडे राहिली असती. चक्कर येते हे सांगणं याच्यापुढं सोपं होतं.

मी पाय मागं घेतला. “नाय साहेब. या, बघा. आत हाय. हा तुमीच जिंकला.”

ते जाळीला वळसा घालून आले, खाली उकिडवे बसले आणि ती खूण बघत राहिले. मग उठले. अंधारायला लागलं होतं. त्यांनी माझा दंड धरला आणि व्हरांड्याच्या पायरीपर्यंत मला आणून सोडलं.

माझ्याकडून खोटे जिंकलेले तीन सेट या माणसानं क्लबात सांगितले, वॉर्डात सांगितले, माझ्या छातीतलं भोक दाखवता दाखवता सांगितले. हा एकच खरा होता. तो त्यांनी कुणालाच सांगितला नाही.